घरी रात्री कोण उठणार?

इंदूरमधल्या सर्व सरकारी आणि खाजगी हॉस्पिटलांच्या मेट्रन, नर्सिंग सुपरिंटेंडंट आणि वॉर्ड इनचार्ज यांस,

स. न. वि. वि.

मी ३४ वर्षं याच शहरात नर्सिंग केलं. मेडिसिन वॉर्ड, सर्जरी, आणि शेवटची काही वर्षं आयसीयू. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी एका आयसीयूच्या दाराबाहेर लोखंडी बाकावर ११ दिवस बसून राहिले, अटेंडर म्हणून, म्हणजे पेशंटसोबतचं घरचं माणूस म्हणून. ते हॉस्पिटल कोणतं हे लिहिणार नाही. तिथे जे झालं ते माझ्या स्वतःच्या हातूनही कितीदा तरी झालेलं आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकींच्या वॉर्डात आज दुपारीही होत असेल. पेशंटच्या घरच्यांना आपण शुश्रूषेच्या बाहेर कसं ठेवतो, त्याबद्दल हे पत्र आहे.

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला होता. जन्म रामबागेतला, शिक्षण इथलंच, नोकरी बँकेत. काउंटरवर बसून त्यांनी ३० वर्षं लोकांशी हिंदीत बोलण्यात घालवली. मराठी घरापुरती. झटक्यानंतर त्यांची हिंदी गेली. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाचं असं होऊ शकतं, एक भाषा मागे राहते आणि दुसरी हाताशी येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा कॅथेटर काढला. योग्यच केलं, जितका लवकर निघेल तितका इन्फेक्शनचा धोका कमी. संध्याकाळी पाचला मला १५ मिनिटांसाठी आत सोडलं, तर दोन्ही हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. सिस्टर म्हणाली, "आंटी, बहुत हिल रहे थे. बार-बार उठ रहे थे, कुछ भी बोले जा रहे हैं." चार्टवर ग्लासगो स्केलमध्ये, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या गुणांमध्ये, बोलण्याला ३ गुण दिलेले, म्हणजे असंबद्ध शब्द. त्या एका आकड्यावरून पुन्हा सीटी स्कॅन करायचा का, अशी चर्चा सुरू झाली होती.

मला बघून ते म्हणाले, "लघवी."

सकाळी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यापासून ते हेच सांगत होते. त्या मुलीला हा शब्द माहीत नव्हता आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. ती मध्य प्रदेशाच्या पूर्वेकडच्या रीव्याकडची होती. कामात चोख होती, तिची सलाईन कधी तुंबली नाही, तिच्या नोंदी वेळेवर असत. पण ज्या बाईला तो शब्द कळला असता ती दारापलीकडे दहा पावलांवर दिवसभर बसून होती, आणि तिला आत बोलवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. वेड्यासारखा हिसके देणारा, हात बांधलेला पेशंट म्हणून चार्टवर नोंदला गेलेला माणूस प्रत्यक्षात अगदी भानावर होता, आणि पलंग ओला होऊ नये म्हणून धडपडत होता.

त्या रात्री बाकावर बसून मी माझ्या नोकरीतले राउंड आठवत राहिले. साडेआठ वाजता मोठे डॉक्टर यायचे. सव्वाआठला मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून आवाज द्यायचे, "चलो, सब अटेंडर बाहर!" आणि पाच मिनिटांत वॉर्ड रिकामा. त्याचा मला अभिमान होता. राउंडला डॉक्टर विचारायचे, रात्री झोपला का, ताप कधी चढला, खाल्लं किती. उत्तरं मी फाइल बघून द्यायचे. खरी उत्तरं ज्यांच्याजवळ होती ती माणसं मी नुकतीच जिन्यात घालवलेली असायची.

आपल्याकडच्या हॉस्पिटलांत नातेवाईक नसतात असं नाही. उलट ते सगळीकडे असतात. स्पंज तेच करतात, चादर तेच बदलतात, भांडं तेच देतात, रक्ताची बाटली लॅबमध्ये तेच पोचवतात, पर्चा घेऊन मेडिकलवर तेच धावतात, ट्रॉलीसुद्धा पुष्कळदा तेच ढकलतात. काम आपण त्यांना सगळं दिलं आहे. शिकवलं मात्र काही नाही, सांगितलंही काही नाही. राउंडच्या वेळी ती गर्दी, आणि औषध आणायच्या वेळी हक्काची माणसं. पुस्तकांत ज्याला कुटुंबकेंद्रित शुश्रूषा म्हणतात ती परदेशात सुरू झाली तेव्हा त्यांचा प्रश्न घरच्यांना दाराच्या आत कसं घ्यायचं हा होता. आपला प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे ते आत आहेतच, फक्त हमाल म्हणून.

परदेशातलं थोडं सांगते, कारण आपण ज्या नियमांना शिस्त समजतो ते जिथून आले तिथेच कधी सुटले हे माहीत असावं. इंग्लंडमध्ये मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना ठरावीक वेळेपुरतंच सोडत. मूल पहिले दोन दिवस रडतं, मग शांत होतं, म्हणजे रुळलं, असा समज. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या हॉस्पिटलवासाचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं. ती शांत झाली होती ती आतून मिटून गेल्यामुळे. बराच वाद झाला. १९५९ मध्ये प्लॅट समितीने सरकारला अहवाल दिला की आईवडिलांच्या भेटीवर वेळेचं बंधन नसावं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांजवळ आईला राहता यावं. पुढे हा विचार मुलांपुरता राहिला नाही. अमेरिकेत १९९२ पासून याच विषयाला वाहिलेली एक संस्था काम करते, आणि तिने मांडलेली चार तत्त्वं आज नर्सिंगच्या पोरी परीक्षेसाठी पाठ करतात: मान राखणं, माहिती देणं, सहभाग घेऊ देणं, आणि धोरण ठरवताना कुटुंबाला सोबत घेणं. नोकरीत असताना पाठ मीही केली होती. पहिली तीन मला आयसीयूबाहेरच्या बाकावर कळली. चौथं अजून कुठे पाहायला मिळालेलं नाही.

नवजात बाळांच्या बाबतीत आपला देश याबाबत मागे नाही, हे मी मुद्दाम लिहिते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलने आजारी बाळांच्या कक्षात आईवडिलांना हात धुण्यापासून शिकवून आत घेतलं आणि त्याचा रीतसर अभ्यास केला. आई आत आली म्हणून इन्फेक्शन वाढलं नाही, आणि घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण वाढलं. त्यावरून केंद्र सरकारने २०१७ मध्ये एसएनसीयूसाठी, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या अशा कक्षांसाठी, कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, तर १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली ती इनक्युबेटर पुरेसे नव्हते म्हणून. गरिबीवरचा तोडगा पुढे उत्तम उपचार ठरला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल त्यात होतं. १ ते १.८ किलोची ३,२११ बाळं. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईचा पलंगच बाळांच्या अतिदक्षता कक्षात नेला होता. आपण आईला बाहेर काढून दार लावत होतो, तिथे त्यांनी तिचा पलंग आत ओढला.

मोठ्यांच्या आयसीयूबाबत मी जास्त सांगून तुम्हाला भुलवणार नाही. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत भेटीची वेळ दिवसाला १२ तासांपर्यंत वाढवून पाहिली. तो अभ्यास २०१९ मध्ये आला. पेशंटचं भ्रमात जाणं त्याने लक्षणीय कमी झालं नाही, हे खरं आहे. पण आयसीयूतलं इन्फेक्शनही वाढलं नाही, आणि घरच्यांमधली घबराट आणि निराशा स्पष्टपणे कमी झाली. आपण दार बंद ठेवतो ते इन्फेक्शनच्या नावाने. मग जे धुतलेल्या हातांनी येतात त्यांना बाहेर ठेवण्याचं कारण काय उरतं, याचा विचार करा.

आता तुमची बाजू. ती मला तुमच्याइतकीच ठाऊक आहे. रात्रपाळीला एक सिस्टर आणि ३०-४० पेशंट, अशा रात्री मी काढल्या आहेत. एका पेशंटमागे दहा माणसं, त्यातला एकजण दारू पिऊन आलेला, कुणी कॉलर धरतो, कुणी फोनवर व्हिडिओ काढतो. गार्ड नसता तर दोनदा मला मार बसला असता. म्हणून सगळ्यांना आत सोडा असं मी म्हणतच नाही. पण मारामारीच्या त्या दोन्ही प्रसंगांत आधीच्या सहा-सात तासांत घरच्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हेही मला आठवतं. "डॉक्टर बताएँगे," एवढंच. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. माहिती न मिळालेला माणूस दर तासाला जास्त घाबरतो, आणि घाबरलेला पुरुष ओरडतो.

दुसरी भीती, आधीच हात कमी, त्यात हे शिकवत बसायचं कधी? आणि तिसरी, जी मला जास्त रास्त वाटते: घरच्यांचा सहभाग म्हणता म्हणता व्यवस्थापन आणखी दोन जागा कमी करेल. व्यवस्थापकांनीही हे पत्र वाचावं म्हणून स्पष्ट लिहिते. घरचा माणूस नर्सची जागा घेत नाही. औषधाचा डोस, ट्यूब जागेवर आहे की नाही हे ठरवणं, श्वासाचा बदल ओळखणं ही आमची कामं आहेत आणि आमचीच राहिली पाहिजेत. कुटुंबाला सोबत घ्यायचं तर नर्सला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे माणसं.

तरीही एक गोष्ट अशी आहे जिला माणसं वाढवायची वाट पाहावी लागत नाही. तीच मागायला हे पत्र लिहिते आहे.

डिस्चार्जचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकराला ठरतं. बिल, इन्शुरन्स, टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) यांत चार वाजतात. साडेचारला काउंटरवर मुलगा किंवा जावई सही करत असतो, आणि त्याच्या हातात डिस्चार्ज समरी देऊन सिस्टर एका श्वासात सांगते: राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) दर दोन तासांनी फीड, दर दोन तासांनी पोझिशन, तोंडाची सफाई, आठ दिवसांनी दाखवायला या. मुलगा मान हलवतो. त्याच्या मागे तीन पावलांवर एक बाई हातात पिशव्या आणि पाण्याची बाटली घेऊन उभी असते. ती सून असते, किंवा बायको, किंवा मुलगी. फीड ती देणार आहे. कूस ती बदलणार आहे. तिच्याकडे बघून कुणी एक अक्षर बोललेलं नसतं.

माझ्या यजमानांच्या शेजारच्या पलंगावर धार जिल्ह्यातल्या मनावर गावाकडचे एक गृहस्थ होते. आमच्यासारखाच झटका, आमच्याच दिवशी घरी सोडलं. त्यांच्या मुलीशी बाकावर ओळख झाली होती. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. कंबरेखाली माकडहाडावर हाताचा पंजा मावेल एवढी जखम, आतलं हाड दिसतंय. मी विचारलं, कूस बदलत नव्हता का? म्हणाली, "बदलत होतो ना, दिवसा. रात्री ते झोपले की कसं उठवायचं? झोप मोडली तर त्रास होईल म्हणून नाही उठवलं." प्रेमापोटी नाही उठवलं. रात्रीही बदलायची, झोपेतसुद्धा, आणि ओढायचं नाही, उचलून सरकवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला दोन मिनिटं लागतात. शेजारच्या बाकावर ११ दिवस बसूनही मी सांगितलं नाही. मला वाटलं, आतून सांगितलं असेल.

मी नर्स होते म्हणून आमच्या घरी जखम झाली नाही. केवळ म्हणून.

माझी मागणी ही: पेशंट वॉर्डात आल्यावर पहिल्या दिवसाच्या नोंदीत, अ‍ॅलर्जी आणि जुने आजार लिहितो तिथेच, एक प्रश्न विचारा. घरी गेल्यावर रात्री यांच्यासाठी कोण उठणार? उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, नावासकट.

हा प्रश्न मी बराच विचार करून निवडला आहे. "अटेंडर कौन है" विचारलं तर घरातला पुरुष पुढे होतो. "जबाबदार व्यक्ती" विचारलं तर ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. रात्री कोण उठणार म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग खरं नाव येतं. कधी कळतं की घरी कुणीच नाही, मुलं पुण्याला आणि बंगळुरूला, ७० वर्षांच्या पेशंटला ६८ वर्षांची गुडघेदुखीची बायको उचलणार आहे. हे पहिल्या दिवशी कळलं तर घरी ब्यूरोची (शुश्रूषेला पगारी माणसं पुरवणाऱ्या संस्थेची) बाई ठेवायची की शेजारपाजारची सोय करायची, याला आठवडा मिळतो. डिस्चार्जच्या दिवशी कळलं तर कुणाच्याच हाती काही नसतं. सुदामानगरात आणि लोकमान्यनगरात अशी जोडपी घरोघर आहेत. आपल्या मराठी घरांतली तर फारच.

नाव कळलं की पुढचं सोपं आहे. त्या माणसाला पास द्या, दिवसातून दोनदा, जेव्हा तुम्ही कूस बदलता आणि फीड देता नेमक्या त्या वेळेला. काम तर तुम्ही करणारच आहात. तिला बाजूला उभं करा. पहिल्या दिवशी तिने बघायचं, दुसऱ्या दिवशी हात लावायचा, तिसऱ्या दिवशी तिने करायचं आणि तुम्ही बघायचं. "समझ में आया?" असं विचारू नका. त्याला प्रत्येकजण हो म्हणतो. डॉक्टरसाहेबांच्या हॉस्पिटलात कळलं नाही असं म्हणायची हिंमत झाबुआ-आलीराजपूरहून गंगवाल बसस्टँडला उतरून आलेल्या बाईला कुठून येणार? "आता तुम्ही मला करून दाखवा" असं म्हणा. डोकं उंच न करता फीड देताना तिला तुमच्यासमोर पकडलंत, तर तिच्या घरी कुणाच्या फुप्फुसात दूध जाणार नाही.

आणि ओव्हर देताना, पलंगाजवळ उभं राहून पाळी बदलताना, बीपी आणि शुगरच्या जोडीला एक वाक्य बोला. मुलगी रात्री थांबणार आहे, तिला फीड जमतं, कूस अजून जमत नाही. म्हणजे पुढच्या सिस्टरला कुठून सुरू करायचं ते कळेल. पेशंट कोणत्या भाषेत बोलतो हेही तिथेच लिहा. आपल्या वॉर्डात माळवी येते, निमाडी येते, भिली येते, सिंधी येते, आमची मराठी येते. पाणी, दुखतंय, लघवी, कूस, घाबरं वाटतंय, एवढे पाच शब्द घरच्यांकडून लिहून घेऊन पलंगाशी चिकटपट्टीने लावले, तर कुणाचे हात बांधावे लागणार नाहीत.

मध्येच एक गोष्ट, जी विसरून चालणार नाही. कुटुंब म्हणजे नेहमी आधार असं नसतं. जळालेल्या सुनेच्या पलंगाशी सासूला बसवून ठेवणं हे कुटुंबकेंद्रित काम नव्हे. मी अशी सून पाहिली आहे, सासू जेवायला गेली तेव्हाच ती बोलली. म्हणून कुणाला जवळ ठेवायचं आणि कुणाला काय सांगायचं, हे आधी पेशंटला विचारायचं, एकटीला, पडदा ओढून. तिच्या दृष्टीने घरचं माणूस मैत्रीण असेल तर मैत्रीण.

हे सगळं इंदुरात जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. २०१७ पासून स्वच्छतेत या शहराने वर्षानुवर्षं पहिला नंबर घेतला तो नुसत्या दंडाच्या पावत्यांनी नाही. कचऱ्याची गाडी दारात आली, गाडीवरचा माणूस रोज सांगत राहिला, गीला इसमें, सूखा इसमें, आणि लाखो घरांतल्या बायकांनी ते शिकून घेतलं. ज्या बाईवर आपण शहराचा कचरा निवडण्याचा विश्वास टाकला, तिच्यावर तिच्याच नवऱ्याची कूस बदलण्याचा टाकता येईल.

एका वॉर्डात सुरू करा. न्यूरोचा असेल तर उत्तम, कारण सगळ्यात लांब शुश्रूषा त्यांचीच असते. महिनाभर तो प्रश्न विचारा, नावं लिहा, आणि डिस्चार्जनंतर आठव्या दिवशी त्या नावाला एक फोन करा. किती जणांना जखम झाली, किती परत भरती झाले, हे तुमच्याच रजिस्टरमध्ये दिसेल. आकडे वाईट आले तर हे पत्र फाडून टाका.

माझे यजमान आता काठीने चालतात. हिंदी अर्धी परत आली आहे, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी. मला दुपारी दोन ते पाच वेळ असतो. कोणत्याही वॉर्डात, एक रिकामा पलंग आणि दोन उशा मिळाल्या तर, घरच्या माणसांना कूस बदलायला आणि ट्यूबने फीड द्यायला शिकवायला मी येईन. मराठी, हिंदी आणि कामापुरती निमाडी येते. पैसे नकोत. पाससाठी गेटवर माझं नाव सांगून ठेवावं, एवढंच.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, आणि अकरा दिवसांची अटेंडर
इंदूर